आधुनिक राजघराण्यातील कर्तव्ये व निवासस्थाने यांची विभागणी : कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
माढा येथील भुईकोट किल्ला आणि माढेश्वरी देवीचे मंदिर या दोन्ही वास्तूंशी रावरंभा निंबाळकर यांचे नाव जोडलेले आहे. आज देवीचा उत्सव लोक साजरा करतात. मात्र गढीतला कारभार इतिहासजमा झाला आहे. सत्ता लोपल्यानंतर राजघराण्याची कर्तव्ये कोणाकडे जातात आणि वाड्यांचे काय होते, हा प्रश्न यातूनच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भोसले घराण्यातील विभागणीस मोठी परंपरा आहे. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांच्या सीमा निश्चित झाल्या. ती विभागणी राज्याची होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे व संस्थानिक म्हणून असलेली मान्यता संपुष्टात आली. त्यानंतर वाटून घेण्यासारखे राज्य उरले नाही. उरले ते मान, उत्सव, वास्तू आणि लोकांच्या अपेक्षा.

गादी आणि लोकमत :
या अपेक्षा किती प्रबळ होत्या, हे १९६२ च्या दत्तक प्रकरणातून दिसून येते. शहाजी महाराजांनी नागपूरच्या भोसले घराण्यात दिलेल्या आपल्या कन्येच्या पुत्रास दत्तक घेतले, तेव्हा कोल्हापुरात तीव्र विरोध झाला. विलीनीकरणास तेरा वर्षे झाली असतानाही गादीचा वारस हा केवळ कुटुंबाचा खासगी विषय नाही, असे लोकांना वाटत होते. ज्यांच्याविरुद्ध हा रोष उसळला, तेच शाहू महाराज १९८३ मध्ये शहाजी महाराजांच्या निधनानंतर गादीवर आले आणि २०२४ मध्ये कोल्हापूरकरांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले. हा बदल मानापेक्षा दीर्घ सहवासातून घडला, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

कर्तव्यांची विभागणी :
दसऱ्याच्या दिवशी दसरा चौकात अंबाबाई व तुळजाभवानीच्या पालख्यांच्या उपस्थितीत शमीपूजन करण्याचा मान गादीच्या अधिपतींकडे आहे. पुढच्या पिढीत मात्र कार्यक्षेत्रे वेगळी झालेली दिसतात. संभाजीराजे हे २०१६ ते २०२२ या काळात राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. रायगडावरील शिवराज्याभिषेक सोहळा व गडसंवर्धन यांच्याशी त्यांचे कार्य निगडित आहे. मालोजीराजे हे २००४ ते २००९ या काळात विधानसभेचे सदस्य होते व कोल्हापूरच्या फुटबॉल क्षेत्रात त्यांचा सहभाग राहिला. ही वाटणी कोणत्याही लेखी नियमाने झालेली नाही.

निवासस्थानांची विभागणी :
जुन्या राजवाड्याच्या परिसरात कुलदेवता तुळजाभवानीचे मंदिर असून धार्मिक विधींचे केंद्र आजही तेथेच आहे. चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेला नवा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला. १९७४ मध्ये त्याच्या तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम सुरू झाले, तर उर्वरित भागात घराण्याचे वास्तव्य राहिले. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९८७ मध्ये हॉटेल झाला. कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस हे राजर्षी शाहूंचे जन्मस्थान आज स्मारक आहे. म्हणजेच देवघर, घर, संग्रहालय, व्यवसाय व स्मारक अशा पाच प्रयोजनांत ही वास्तुसंपदा विभागली गेली.

तुलनात्मक विचार :
साताऱ्यात उदयनराजे यांचा ‘जलमंदिर’ आणि शिवेंद्रसिंहराजे यांचा ‘सुरुची’ असे एकाच घराण्याच्या दोन शाखांचे दोन निवास आहेत. येथे निवासाबरोबर राजकीय अनुयायीही विभागले गेले. स्वीडनमध्ये २०१९ साली राजाने आपल्या पाच नातवंडांना राजगृहाच्या अधिकृत सदस्यत्वातून वगळले आणि कर्तव्ये असणारे व नसणारे यांतील सीमारेषा स्पष्ट केली. भारतात अशी रेषा आखणारी यंत्रणा नाही. येथे ती रूढी, कौटुंबिक सामंजस्य आणि मतपेटी यांतून आखली जाते.

निष्कर्ष :
सत्तेवाचून टिकलेले राजघराणे आपल्या कर्तव्यांच्या बळावर टिकते आणि वाडा लोकोपयोगाच्या बळावर. जेथे घराणे नांदते आहे, तेथे निदान वास्तूची जबाबदारी कोणाची, हे सांगता येते. माढ्यासारख्या ठिकाणी ती जबाबदारी शासन व नागरिक यांच्यावर येते. उत्सव लोकांनी स्वीकारला, त्याप्रमाणे किल्लाही आपला मानला नाही, तर वारशाची ही विभागणी अपुरीच राहील.