हिवाळ्याअखेरची मधपेटी
युरोपात शतकानुशतके मधमाश्या गवताच्या विणलेल्या टोपल्यांत पाळत. आत पाहण्याची सोय नसल्याने हिवाळ्याअखेर टोपली उचलून, वजनावरून उरलेल्या मधाचा अंदाज घेत. हलकी लागली तर पातळ केलेला मध देत. शरदात मध काढताना अनेक वसाहती गंधकाच्या धुराने मारल्या जात. १८५१ मध्ये अमेरिकेत लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी मधपेटीतल्या पोळ्याच्या चौकटी आणि पेटीची भिंत यांत सुमारे ८ मिलिमीटर फट ठेवली. एवढ्या फटीत माश्या पोळे बांधत नाहीत आणि ती बुजवतही नाहीत. त्यामुळे चौकटी सुट्या निघू लागल्या. राणीची अंडी आणि साठा प्रत्यक्ष तपासता आला. साखर स्वस्त झाल्यावर थंडीत साखरेची घट्ट वडी आणि ऊब आल्यावर पातळ पाक ही रीत रुळली. सह्याद्रीत अन्नटंचाईची अशी वेळ पावसाळ्यात येते. तेव्हा सातेरी जातीच्या मधमाश्यांना साखरेचा पाक देतात.