मिठागरावरचे आरसे

१९७३ सालच्या नोव्हेंबरच्या आरंभी जपानातील ओसाका शहरानजीक सेन्री नावाच्या नव्या वसाहतीत एका दुकानाची दारे उघडण्यापूर्वीच गृहिणींची भली मोठी रांग लागली होती. रांग तांदळासाठी नव्हती की साखरेसाठी नव्हती. शौचकूपात वापरावयाच्या कागदाच्या गुंडाळ्यांसाठी होती. अरब-इस्रायल युद्धामुळे तेल यायचे नाही आणि तेल आले नाही म्हणजे कागदाच्या गिरण्या बंद पडतील, अशी आवई उठली होती. पाहता पाहता ही रांग देशभर पसरली. रॉकेलच्या दुकानापुढे पहाटे डबा ठेवून आपला नंबर राखणारी आपल्याकडची पिढी या प्रसंगाला हसणार नाही.

जपानी सरकारलाही हसणे परवडण्यासारखे नव्हते. त्या वर्षी देशाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ७७ टक्के ऊर्जा तेलातून येत होती आणि ते तेल जवळजवळ सगळेच्या सगळे परदेशाहून बोटींनी येत होते. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या जानेवारीत बारा डॉलरच्या घरात गेला. तोक्योच्या गिंझा पेठेतले रंगीत दिवे मालवले गेले. कारखान्यांच्या जोरावर वीस वर्षांत वर आलेल्या देशाला आपल्या घरातील दिवा दुसऱ्याच्या विहिरीवर जळतो आहे हे एकदम उमगले.

१९७४ सालीच त्या देशाच्या व्यापार व उद्योग खात्याने एक दीर्घ मुदतीची योजना हाती घेतली. तिचे नाव ‘सनशाइन’. सूर्याची उष्णता, भूगर्भातील उष्णता, दगडी कोळशापासून तेल व वायू, आणि हायड्रोजन, या चार वाटांनी तेलाला पर्याय शोधायचा, आणि तोही एका पिढीच्या मुदतीत. या योजनेच्या आखणीत खात्यातला एक तरुण अधिकारी होता. तो रात्री घरी जाऊन कादंबऱ्या लिहीत असे. साकाइया ताइची हे त्याचे लेखनातले नाव. १९७५ साली त्याची ‘युदान’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तेलाचा पुरवठा तुटल्यावर जपानची काय दशा होईल हा तिचा विषय. जपानी भाषेत ‘युदान’ म्हणजे बेसावधपणा. पण तो शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ ‘तेल’ आणि ‘तोडणे’ असा आहे. दिवसा सरकारी टिपणे आणि रात्री त्याच विषयावर कादंबरी! आमच्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्याला या गृहस्थाचा हेवा वाटावा अशी ही गोष्ट आहे.

१९७८ साली काटकसरीच्या संशोधनासाठी ‘मूनलाइट’ ही दुसरी योजना आली. पुढच्याच वर्षी इराणातल्या क्रांतीने तेलाचा दुसरा भडका उडाला. मग केवळ खात्यातून कारभार हाकणे पुरेना. १९८० साली कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिचे नाव लांबलचक, म्हणून सगळे तिला ‘नेडो’ म्हणतात. (१९८८ मध्ये इतर औद्योगिक तंत्रांचे कामही तिच्याकडे आले आणि नाव आणखी लांबले.) तिचे कार्यालय बरीच वर्षे तोक्योतल्या ‘सनशाइन ६०’ नावाच्या साठ मजली इमारतीत होते. पत्ता शोधणाऱ्याची चुकामूक होऊ नये एवढी काळजी सरकारने घेतली म्हणायची!

पैसा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. १९७४ पासून जपानात विजेवर एक लहानसा कर आहे. हजार युनिटांना ८५ येन हा आरंभीचा दर. वीजकेंद्रे ज्या गावांच्या हद्दीत उभी राहतात त्या गावांना काही द्यावे, हा त्याचा मूळ हेतू. १९८० साली तो ३०० येन केला आणि वाढलेल्या उत्पन्नासाठी एक वेगळे खाते उघडले. १९८३ साली दर ४४५ येन झाला. म्हणजे तांदूळ शिजवणाऱ्या प्रत्येक घरातून दरमहा थोडे थोडे पैसे, घरच्यांना कळो वा न कळो, अजून न लागलेल्या शोधांसाठी जात होते. तेलावरच्या कराचाही वाटा त्यात होता.

नेडोची म्हणून प्रयोगशाळा नाही. ती काय हवे ते जाहीर करते, कारखान्यांकडून व विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवते, बाहेरच्या तज्ज्ञांकरवी त्यांतून निवड करते आणि पैसे देते. ज्या कामाला बाजार अजून फार दूर आहे त्याचा सगळा खर्च ती उचलते. माल विकण्याची वेळ जवळ आली असेल तर निम्मा किंवा दोन-तृतीयांश देते, उरलेला कंपनीने आपल्या खिशातून घालायचा. मध्यंतरी परीक्षा होते. नापास झालेले काम बंद पडू शकते. आपल्याकडे शेतकऱ्याला तगाई देत तसाच हा प्रकार वाटेल, पण तगाई फेडावी लागते. इथे प्रयोग फसला तर पैसा गेला तो गेला. तो कोणाच्या गाठी न बांधता पुढे चालू लागायचे, असा करारच असतो. या व्यवस्थेत मोठ्या कंपन्यांचे फावते, कारण उत्तम अर्ज लिहिणारी माणसे त्यांच्याच पदरी असतात. हा दोष खराच आणि तो पुरता कधी गेला असे मला वाटत नाही.

पैसा गेला म्हणजे कसा गेला, ते नियो गावात दिसले. शिकोकू बेटावर कागावा प्रांतात समुद्रकाठी हे गाव आहे. पाऊस कमी, ऊन लख्ख. म्हणून तिथे पूर्वापार मिठागरे होती. मिठागरे बंद पडली आणि त्या सपाट जागेवर १९८१ साली उन्हापासून वीज करणारी दोन केंद्रे उभी राहिली, प्रत्येकी एक हजार किलोवॉटचे. एकात शेकडो आरसे सूर्याबरोबर वळत आणि त्याचे ऊन एका उंच मनोऱ्यावर फेकीत. तिथे पाण्याची वाफ होई आणि वाफेवर जनित्र फिरे. दुसऱ्यात वक्र आरशांची योजना होती. एक मित्सुबिशीने बांधले, दुसरे हिताचीने. ठरलेल्या हजार किलोवॉटचा आकडा गाठलाही गेला. मोठा उत्सव झाला.

पण वर्षाचा हिशेब मांडल्यावर पदरात फारच थोडे पडले. कारण अगदी शाळकरी आहे. भिंगाखाली कागद जाळण्याचा खेळ प्रत्येक मुलाने केलेला असतो. आभाळात पातळसा ढग आला की उजेड पुष्कळ असतो, सावलीही पुसट पडते, पण कागद काही केल्या पेटत नाही. आरसा काय, भिंग काय, थेट आलेले ऊनच ते एकवटू शकते. हवेतल्या बाष्पाने विखुरलेले ऊन त्यांच्या हाती लागत नाही. जपानची हवा दमट. वाळवंटात शोभणारे यंत्र समुद्राकाठी बसवले होते. मिठाला जे ऊन पुरले ते वाफेला पुरले नाही! १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाचण्या आटोपल्या आणि आरसे उतरले.

कोळशाची गोष्ट याहून खर्चाची. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लॅट्रोब खोऱ्यात भुऱ्या कोळशाचे अफाट साठे आहेत. या कोळशात निम्म्याहून अधिक पाणीच असते आणि वाळवावा तर तो आपोआप पेट घेतो, म्हणून बोटीवर चढवता येत नाही. तेव्हा त्याचे तिथेच तेल करून न्यावे अशी कल्पना. मॉरवेल येथे दिवसाला ५० टन कोळसा घेणारा प्रायोगिक कारखाना नेडोच्या पैशाने उभा राहिला. तेल निघाले, तंत्र खोटे नव्हते. पण १९८६ साली जगातला तेलाचा भाव कोसळला आणि कोळशाचे तेल घेणार कोण, असा प्रश्न आला. १९९० साली तो कारखाना थांबला. इथे शास्त्र हरले नव्हते, बाजारभाव फिरला होता. कर भरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय?

सुदैवाने त्याच खात्यातून आणखी एक बारीकसा झरा वाहत होता. उजेडाची सरळ वीज करणारे सिलिकनचे सौरघट अंतराळयानांत आणि दीपगृहांत वापरीत; घरावर लावायचे म्हटले तर राजाची तिजोरी हवी. त्यांची किंमत शंभराव्या हिश्शावर आणायची, असे सनशाइन योजनेत ठरले होते. विखुरलेल्या उजेडावरही हे घट चालतात, त्यामुळे नियोच्या अपयशानंतर वजन या बाजूला पडले. सान्यो कंपनीतील कुवानो युकिनोरी हे संशोधक काचेवर सिलिकनचा पातळ थर देऊन स्वस्त घट करण्याच्या मागे होते. घराला पुरेल एवढी वीज त्यातून निघेना. तेव्हा १९८० साली त्यांच्या कंपनीने ते घट खिशातल्या गणकयंत्रावर बसवले. कचेरीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडावर यंत्र चालू लागले आणि दुकानात खपू लागले. एकीकडे नेडोचे अनुदान, दुसरीकडे गणकयंत्रांची विक्री, अशा दोन काठ्यांवर हे संशोधन पुढची दहा-बारा वर्षे चालत राहिले.

घट झाले तरी घरावर लावण्यात आणखी एक अडचण होती, आणि माझ्या मते नेडोचे खरे काम इथे दिसते. छपरावर तयार झालेली जास्तीची वीज तारांत सोडायची, तर वाहिनी दुरुस्त करायला वायरमन खांबावर चढलेला असताना, मुख्य पुरवठा बंद असूनही, तारेत वीज असण्याचा धोका. वीज कंपन्या हेच बोट दाखवीत आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. तेव्हा कोबे शहरापुढे समुद्रात भर घालून केलेल्या रोक्को बेटावर १९८६ पासून प्रयोग मांडला. प्रत्येकी दोन किलोवॉटच्या शंभर सौरसंचांचे जणू एक गावच एका वाहिनीला जोडले आणि त्यात मुद्दाम बिघाड करून पाहिले. पुरवठा तुटताच संच आपोआप बंद कसे पडतील, दाब किती चढेल, याची वर्षानुवर्षे मोजणी झाली. अशा कामात कोणाला नफा नाही, म्हणून कोणती कंपनी ते आपण होऊन करत नाही. या मोजमापांच्या आधारे पुढे नियम झाले. १९९२ साली वीज कंपन्या जास्तीची वीज विकत घेऊ लागल्या, आणि त्याच वर्षी कुवानो यांनी स्वतःच्या घराच्या छपरावर संच बसवून आपली वीज तारेत सोडली.

१९९४ साली सरकारने घरगुती संचाचा निम्मा खर्च देण्यास सुरुवात केली. पहिल्या वर्षी ५३९ घरे झाली. आपल्याकडे पुढे छपरावरच्या सौरसंचांना केंद्र सरकारचे अनुदान मिळू लागले, त्याची ही थोरली बहीण म्हणावी. दहा वर्षांत जपान सौरघट करण्यात आणि लावण्यात जगात पहिला झाला. पण २००५ साली एकूण उभारणीत जर्मनी पुढे गेला, आणि मग चीनचे कारखाने असे पुढे आले की २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानने उन्हाच्या विजेला चढा भाव दिला तेव्हा छपरांवर परदेशी घटांची रीघ लागली. वीस वर्षे झाड वाढवले कोणी आणि आंबे पडले कोणाच्या अंगणात! मात्र कोणाच्याही अंगणात पडोत, आंबे जगाला स्वस्त मिळाले हे खरे, आणि त्या स्वस्ताईत ओसाकाच्या गृहिणींच्या वीजबिलातले काही येन आहेत हेही खरे.

जपानने हात आखडता घेतला नाही. २०२१ साली नेडोकडे दोन लाख कोटी येनचा नवा निधी सोपवण्यात आला, दहा वर्षांसाठी. या वेळी एक अट नवी आहे: पैसे घेणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने स्वतः समितीपुढे येऊन जबाब द्यायचा, आणि कंपनी मन लावून काम करीत नाही असे दिसले तर काही पैसे परत मागता येतात. लॅट्रोबच्या भुऱ्या कोळशाकडेही पुन्हा पावले वळली होती. २०२२ च्या आरंभी त्यापासून काढलेला हायड्रोजन, उणे २५३ अंशांवर द्रव केलेला, एका जहाजातून कोबेला उतरला. त्यातही नेडोचा पैसा होता.

नव्या निधीतला काही भाग पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाच्या सौरघटांसाठी आहे. योकोहामाच्या तोइन विद्यापीठात मियासाका त्सुतोमु यांनी २००९ साली पहिला असा घट केला. तो फिल्मसारखा पातळ, वाकणारा आणि हलका असतो. त्याला आयोडीन लागते, आणि आयोडीन जपानच्या चिबा प्रांतात भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यातून विपुल निघते. दमट हवेत तो लवकर खराब होतो, हे त्याचे दुखणे अजून पुरते बरे झालेले नाही. २०२५ साली ओसाकात जागतिक प्रदर्शन भरले. ओसाकाच्याच १९७० च्या प्रदर्शनाची मूळ कल्पना साकाइया यांची होती. नवे पाहायला मात्र ते राहिले नाहीत, २०१९ सालीच गेले. तिथल्या बसथांब्याच्या छपरावर सुमारे २५० मीटर लांब अशी ही नवी फिल्म अंथरली होती. दिवसभराची वीज घटमालेत साठवून रात्री त्या थांब्यावरचे दिवे तिच्यावर लागत होते.