मुलूखमैदानचा धक्का

शिकारीची बंदूक निवडणाऱ्यापुढें एक जुनाच पेंच असे. नळीचें तोंड जितकें मोठें, तितकी गोळी जड व घाव भारी. परंतु खांद्याला बसणारा धक्का आणि कानांवर आदळणारा आवाजही तितकाच दुःसह. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकर याची अर्ध्या पौंडाचा गोळा फेंकणारी बंदूक स्वतः वीस पौंड वजनाची होती. तरी ती उडवितांच तो गरकन् फिरत असे. हाच पेंच महाराष्ट्रानें फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे, आणि तो धाराशिव जिल्ह्यांतील परंड्याच्या किल्ल्यांत.

मुलूखमैदान तोफ इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास, बुऱ्हाण निजामशहासाठीं, महंमद नांवाच्या रूमी कारागिरानें ओतली. पुढें ती परंड्यास होती. लांबी सुमारें १४ फूट, नळीचा व्यास २ फूट ४ इंच आणि वजन सुमारें ५५ टन. तिच्या मोहरेवर हत्तीला गिळणारा विक्राळ जबडा कोरलेला आहे.

एवढ्या तोंडाचा दगडी गोळा हिशेबानें हजारएक पौंडांचा होतो. म्हणजे तोफ गोळ्याच्या शंभर पटींहून जड. गोळा पुढें जातो, त्याच जोरानें तोफ मागें येते. मात्र ती जितकी जड, तितकी तिची मागची गति मंद. मोठ्या शिकारी रायफलींतही गोळी व बंदूक यांच्या वजनांचें प्रमाण जवळपास एवढेंच ठेवीत. सारांश, धक्क्यावर पहिला उपाय वजन हाच. शिकारी उरलेला धक्का खांद्यावर झेली. येथें तो बुरुजाच्या चिरेबंदीनें झेलावयाचा.

आवाजाचें काय? विजापुरास या तोफेजवळ पाण्याचें टांकें आहे; बत्ती देतांच गोलंदाज त्यांत बुडी मारी, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, कल्पना शहाणपणाची आहे. हवेंतून पाण्यांत शिरतांना नादाच्या शक्तीचा जेमतेम हजारावा अंश आंत जातो. कानांतील सूक्ष्म रोमपेशी एकदां मेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत, हें शास्त्रानें पुढें सांगितलें. बहिरेपण मात्र गोलंदाजांना आधींच ठाऊक होतें.

परंतु वजनाचा हा उपाय राज्याला महाग पडला. धक्का जिरविणारें वजनच तोफेला जागचें हलूं देईना. १६०० मध्यें अहमदनगर मोगलांनीं घेतलें. मग मलिक अंबरानें दुसऱ्या मूर्तजास गादीवर बसवून परंड्यास राजधानी केली. त्यानें मोगलांस वर्षानुवर्षे झुंजविलें तें या तोफेच्या बळावर नव्हे, तर हलक्या घोडदळाच्या चपळाईनें. त्या घोडदळांत मराठे सरदार होते, आणि तोच धडा पुढें स्वराज्याच्या कामीं आला.

१६२६ मध्यें अंबर वारला. १६३२ मध्यें आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें तोफ विजापुरास नेली; दहा हत्ती व चारशें बैल जुंपले होते असें सांगतात. तिची जोडीदार कडकबिजली वाटेंतील नदींत बुडाली, अशीही आख्यायिका आहे. निजामशाही १६३६ मध्यें संपली. विजापुरासही तोफ वांचवूं शकली नाहीं. १६८६ मध्यें औरंगजेबानें तें शहर घेतलें आणि आपल्या विजयाचा लेख तिच्याच अंगावर कोरविला.

आज ती विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आहे. परंड्यास तिची आठवण आणि इतर तोफा उरल्या आहेत. तिच्या अंगावर हात आपटला तर घंटेसारखा नाद उठतो. ज्या आवाजाच्या भयानें माणसें पाण्यांत बुडी मारीत असें सांगतात, त्याचा एवढाच मवाळ अंश शिल्लक राहिला आहे. जें शस्त्र पेलतां व हलवितां येत नाहीं, त्याची दहशत मोठी असली तरी भरंवसा थोडाच, हें त्या नादानें परंड्याला व विजापूरलाही सारखेंच सांगितलें आहे.