बैल न राबलेलं जेवण : ऋषीच्या भाजीची गोष्ट



दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन आणि ऋषिपंचमी एकाच दिवशी येते. आमच्या कामतघरला त्या दिवशी वऱ्हाळादेवी तलावावर ही गर्दी. घराघरात पाहुणे. आणि एवढ्या माणसांना जेवायला काय, तर एका टोपातली भाजी. तेल नाही, फोडणी नाही, गहू नाही, डाळ नाही. सणाचं याहून स्वस्त जेवण मला तरी माहीत नाही. मात्र आता तीच भाजी महाग पडते. का, ते सांगण्यासाठी आज लिहितोय.

नियम सगळ्यांना ठाऊक आहे. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद. तेलही बाद, कारण घाण्याला बैल फिरायचा. मोटेच्या पाण्यावरची बागाईत भाजीही बाद, मोट बैलच ओढायचा. मग उरलं काय? परसातलं, कुंपणावरचं आणि बांधावरचं. अळू, लाल माठाचे देठ, पडवळ, शिराळी, भेंडी, लाल भोपळा, सुरण, अंबाडी, कुदळीने टोकलेल्या मक्याची कणसं, ओलं खोबरं, मिरची, मीठ. सगळं पावसाच्या पाण्यावर आलेलं.

हा नियम आला कुठून? मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने काय खावं ते सांगितलंय. नांगरलेल्या जमिनीतलं त्याने खाऊ नये, कुणी टाकून दिलेलं असलं तरी नको, असं तिथे आहे. त्याचं धान्य म्हणजे नीवार, आपोआप उगवणारा रानटी भात. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्याच अंकात राजा आश्रम ओळखतो तो झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. पोपटांच्या ढोलीतून पडलेले असतात ते. म्हणजे ऋषिपंचमीला घरातली माणसं एक दिवस ऋषींच्या नियमाने जेवतात, एवढं सरळ आहे.

बैल आला तो व्रताच्या कथेतून. मेलेले आईबाप मुलाच्याच घरी कुत्री आणि बैल होऊन जन्मतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाचं विष पडतं. माणसं वाचावीत म्हणून कुत्री खीर बाटवते आणि मार खाते. बैल दिवसभर औताला जुंपलेला, त्याला वैरणसुद्धा मिळत नाही. रात्री दोघं एकमेकांना दुःख सांगतात ते मुलगा ऐकतो. कथेत पापाचं कारण म्हणून विटाळ सांगितलाय, तो मला पटत नाही आणि आमच्या घरात आता कुणी पाळतही नाही. पण उपाशी बैलाचा भाग मात्र ज्याने औत हाकलंय त्याला लागतो.

आता दरवर्षीचा वाद. पॉवर टिलरने नांगरलेलं चालतं का? बैल तर राबला नाही! म्हाताऱ्या बायका म्हणतात, जमीन फाडली ती फाडलीच. मनुस्मृती न वाचता त्या बरोबर बोलतात.

मला स्वतःला यात हंगामाचा हिशोबही दिसतो. हा माझा तर्क. भाद्रपदात कणगी तळाला गेलेली असते. हळवं भात निसवायला लागलेलं, गरव्याला अजून दोन महिने. आपल्या जिल्ह्यात हेच दिवस खावटीचे. आदिवासी कुटुंबांसाठी सरकारची खावटी कर्ज योजना १९७८ पासून आली तीही याच टंचाईसाठी. अशा वेळी पाहुणे आले तर दाण्याला हात न लावता पंक्ती उठवायची सोय या सणाने करून दिली.

तेल नसूनही भाजी बेचव का लागत नाही, तेही बघा. भोपळा, शिराळी, पडवळ यांना स्वतःचंच पाणी सुटतं. मंद आचेवर झाकण ठेवलं की त्यातच सगळं शिजतं. कणसाने गोडी येते, खोबऱ्याने स्निग्धपणा. अळू आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्यांनीच घसा खाजतो, म्हणून अंबाडी किंवा चिंच सोडायची नाही. आमच्याकडे पंधरा माणसांना किलोभर भोपळा, पाऊण किलो सुरण, सहा कणसं, अळूच्या दोन जुड्या आणि बाकी मूठ-मूठ एवढं पुरतं. वाढायला केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ, जेवण झालं की गुरांपुढे किंवा खतात. मार्च २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या ताटांवर बंदी आणली तेव्हा या भाजीच्या पंक्तीला काही बदलावं लागलं नाही.

मग महाग का? कारण बांध गेला. मुंबईची जकात चुकवायला मालाची गोदामं हद्दीबाहेर आली आणि काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली पट्ट्यात भाताच्या खाचरांवर भराव पडला. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र राहिली आणि वाढली. जिथे शेत उरलंय तिथे बांधावर तणनाशक मारतात. त्यामुळे चतुर्थीच्या संध्याकाळी बाजारातून भाजीचा वाटा विकत आणायचा, तोही पिशवीत बांधलेला आणि बराचसा पंपाच्या पाण्यावर पिकलेला. अळू घेताना तो कुठला, हे विचाराच. भिवंडीत सायझिंग-डाईंगच्या नाल्याकाठी तो जोमदार वाढतो. तसला दिसायला छान असतो, पण टोपात घालू नका.

देवभाताचं तर विचारूच नका. नीवारालाच बरेच जण देवभात म्हणतात. तळ्याकाठी, पाणथळीत आपोआप येणारा, कुसळाचा, पिकला की दाणा झाडून टाकणारा. आपण तण म्हणून उपटतो. फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेने खुरट्या रोगाच्या विषाणूला, तोच जो तपकिरी तुडतुडे पसरवतात, तोंड देणारा भात शोधताना सहा हजारांवर नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका रानटी भातात. जातीचं शास्त्रीय नाव ओरायझा निवारा, म्हणजे आपला नीवारच. १९७६ मध्ये आलेल्या आयआर ३६ मध्ये तो गुण उतरवला आणि तो वाण आशियाभर लावला गेला.

यंदा मी एका बांधावर फवारा मारलेला नाही. पडवळ आणि शिराळीचं एकेक फळ बियाण्याला वेलीवरच ठेवलंय, अंबाडीची चार झाडंही. ज्यांना हवं त्यांनी दिवाळीनंतर बी घेऊन जावं, पैसे नकोत. आणि शहापूर, वाडा, मुरबाडकडच्या मंडळींना विनंती, तुमच्याकडे देवभात अजून उभा असेल तर जागा कळवा, दाणा झडायच्या आधी टोपली घेऊन येतो.