सहा चित्रकारांचे मूळ गाव

वसई-विरारच्या महाविद्यालयांत नव्या वर्षाचा पहिला तास बहुधा एकाच रीतीने सुरू होतो : नाव सांगा, गाव सांगा. येथे 'गाव' म्हणजे राहण्याचे ठिकाण नव्हे, हे कुणाला समजावून द्यावे लागत नाही. नालासोपाऱ्यात जन्मलेला मुलगा सहजपणे सावंतवाडी, जळगाव किंवा जौनपूर सांगतो. निर्मळची एखादी मुलगी तेवढी 'आम्ही इथलेच' म्हणते. हा प्रश्न साहित्याच्या आणि कलेच्या इतिहासालाही विचारावा, असे आम्हाला अनेकदा वाटत आले आहे. त्यासाठी एक जुने चित्रप्रदर्शन समोर घेऊ.

जुलै १९४९ मध्ये मुंबईत, रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'चे प्रदर्शन भरले. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. गटाची स्थापना १९४७ ची, आणि संस्थापक सहा : फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाक्रे. कलेच्या इतिहासात या गटाची नोंद भारतीय आधुनिकतेचा एक आरंभ म्हणून होते, आणि लगोलग युरोपीय प्रभावाची चर्चा सुरू होते. ती चर्चा निराधार नाही. पण तीत एक गोष्ट झाकली जाते. या सहांपैकी मूळचा मुंबईचा एकही नाही.

सूझा गोव्यातील साळगावचे. वडील लवकर वारले. आईने मुंबईत शिवणकाम करून मुलाला वाढवले. रझा मध्य प्रांतातील जंगलखात्याच्या एका कर्मचाऱ्याचे चिरंजीव, नागपूरमार्गे जे. जे. मध्ये आले. हुसेन पंढरपूरला जन्मले, इंदूरला वाढले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवू लागले. आरा सिकंदराबादजवळील बोलारमचे. लहानपणीच मुंबईत आले आणि घरगड्याची कामे करीत चित्रे काढू लागले. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे, तर बाक्रे यांचा जन्म बडोद्याचा. या मंडळींची पाठराखण करणारे वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघेही १९३० च्या दशकात नाझी राजवटीच्या छायेतून मुंबईला आलेले. चित्रे काढणारे स्थलांतरित, आणि ती पाहून दाद देणारे निर्वासित, असा हा योग होता.

तथापि या प्रदर्शनाचा जाहीर विषय स्थलांतर नव्हता. स्थलांतर हा त्या चित्रकारांचा अनुभव होता, आणि अनुभव चित्रात विषय होऊनच येतो असे नाही. तो पाहण्याच्या रीतीतून येतो. सूझांच्या चित्रांतील काळ्या रेषांची चर्चे, काटेरी ख्रिस्त आणि कठोर चेहऱ्याचे संत पाहताना वसईच्या विद्यार्थ्याला पॅरिसची आठवण होण्याचे कारण नाही. त्याला किल्ल्यातील छप्पर उडालेली चर्चे आठवतील. पोर्तुगीज सत्ता वसईतून १७३९ साली गेली, गोव्यातून १९६१ साली. दोन्हीकडे मागे राहिलेल्या श्रद्धेला दरारा आणि माया यांची सारखीच किनार आहे. गोव्यापासून दूर आलेल्या माणसानेच ते चर्च इतक्या रागाने आणि इतक्या ओढीने रेखाटावे, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते.

हुसेन यांच्या बाबतीत प्रवास अधिक उघडपणे दिसतो. १९४८ साली ते सूझांसमवेत दिल्लीला भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन पाहण्यास गेले. तेथील अनेक शिल्पे आणि लघुचित्रे लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली जाऊन नुकतीच मायदेशी परतली होती. मथुरेची शिल्पे आणि बसोलीची चित्रे पाहून हुसेन यांना आपली वाट दिसली. आपली परंपरा अशी परक्या देशाची फेरी करून आपल्यापुढे यावी, यात त्या काळाचा मोठा उपरोध आहे.

येथे आम्ही स्वतःलाच आवर घालू इच्छितो. चरित्राने सर्व काही उलगडते असे मानले, तर सहाही जणांची चित्रे एकसारखी व्हावयास हवी होती. ती तशी नाहीत. शिवाय एक स्थलांतर दुसऱ्यासारखे नसते. पोटासाठी आलेल्या आरांचे येणे आणि शिक्षणासाठी आलेल्या रझांचे येणे यांत वर्गाचे अंतर आहे. पुढे सूझा १९४९ मध्ये लंडनला, रझा १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला आणि बाक्रे १९५१ मध्ये लंडनला गेले. आरा मुंबईतच राहिले आणि १९८५ साली वारले. जग पाहिलेल्यांची नावे मोठी झाली, आरांचे मागे पडले. स्थलांतराचे गुणगान करताना ही विषमता नजरेआड होऊ नये.

परतण्याच्या कथाही वेगवेगळ्या आहेत. बाक्रे कोकणात, हर्णै-मुरुडला येऊन राहिले. रझांनी १९८१ साली 'माँ' हे चित्र रंगवून त्यावर हिंदी कवितेची ओळ देवनागरीत लिहिली; २०१६ साली मंडल्याच्या मातीत त्यांचे दफन झाले. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांना मात्र २००६ मध्ये देश सोडावा लागला, आणि २०११ साली लंडनमध्ये त्यांचा अंत झाला.

मराठीच्या अध्यापकांना हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. खानदेशातील फैजपूरला जन्मलेल्या मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ चा, म्हणजे या गटाच्या स्थापनेच्याच वर्षाचा. आपण मर्ढेकर शिकवतो तेव्हा एलियट येतो, महायुद्ध येते. त्याच शहरात, त्याच वर्षी जमलेले हे सहा जण येत नाहीत. मराठीत न लिहिणारा तो आपल्या इतिहासाबाहेरचा, असा अलिखित नियम आपणच केला आहे काय?

'इथले' आणि 'बाहेरचे' हा वाद आमच्या भागात लोकलच्या डब्यापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत ऐकू येतो. अशा वेळी राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' उघडावी. उत्तर कोकणाचा हा आद्य वृत्तान्त बिंब राजांबरोबर येथे येऊन वसलेल्या कुळांचा आहे. 'आम्ही इथलेच' म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचे पूर्वज तेथे नुकतेच आलेले भेटतात.

पहिल्या तासाचा प्रश्न आम्ही बदललेला नाही. फक्त त्याला एक पुरवणी जोडली आहे : गाव सांगा, आणि तेथून काय घेऊन आलात तेही सांगा. गेल्या खेपेस मागच्या बाकावरच्या एका मुलाने बराच वेळ घेऊन उत्तर दिले, "आजीची बोली." तो ती घरी बोलतो, वर्गात अजून बोललेला नाही.