रुळांखालचा पाइन

कोपर स्टेशनात लोकलची वाट बघताना खाली रुळांकडे बघा. आडवे काँक्रीटचे स्लीपर दिसतील, किलोमीटरला साधारण १६६०. पण ठाणे-कल्याण लाइन सुरू झाली १ मे १८५४ ला. तेव्हा काँक्रीट कुठलं? रेल्वे म्हटली की लाकूड आलंच.

गंमत म्हणजे, त्या काळात भारतातल्या रेल्वेंसाठी बाल्टिक समुद्राकडच्या पाइनचे स्लीपर जहाजाने यायचे. सुएझ कालवा १८६९ चा, म्हणजे त्याआधी आख्ख्या आफ्रिकेला वळसा!

हा पाइन तैगाचा. तैगा म्हणजे उत्तरेतलं थंड, सूचिपर्णी जंगल. जिथे रेताड, निकस जमिनीत बाकीची झाडं तग धरत नाहीत, तिथे हा उभा राहतो, कारण मुळांवरची बुरशी त्याला खनिजं मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. जुन्या झाडाची साल जाड असते, खालच्या फांद्या गळून गेलेल्या असतात. त्यामुळे जमिनीलगतची आग बऱ्याचदा खालून निघून जाते, झाड वाचतं. वर आगीने पालापाचोळा जळाला, की उघड्या मातीत त्याचंच बी रुजतं.

पण आपल्याकडच्या पावसाला आणि वाळवीला हे लाकूड कसं टिकणार? त्यासाठी १८३८ मध्ये बेथेलने पेटंट घेतलेली युक्ती होती: डांबरापासून काढलेलं क्रिओसोट तेल दाबाने लाकडात मुरवायचं. तरी आयात महागच. मग साग, साल, देवदारावर कुऱ्हाड पडली. लाकूड संपेल या धास्तीने १८६४ मध्ये वनखातं आलं, प्रमुख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, डिपेंडन्सी सांभाळायला वेगळी टीमच!

त्याची झळ आपल्या ठाणे जिल्ह्याला लागली. इथला शेतकरी राब करायचा: फांद्या, पाला, शेण वाफ्यावर पसरून जाळायचं, मग त्यात भाताचं बी. १८७८ च्या कायद्यानंतर जंगलातून फांदी तोडणं गुन्हा ठरू लागलं. शेतकऱ्याने रोप करायचं कसं? ठाणे आणि कुलाब्यात इतका असंतोष झाला की १८८५ मध्ये सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राब हा त्यातला कळीचा मुद्दा. माझ्या मते शाळेच्या इतिहासात हे कमिशन यायला हवं होतं, पण असो.

आणि पाइनच्या मुलखात? फिनलंड-स्वीडनमध्ये वर्षानुवर्षं वणवे विझवल्यावर आता जंगलाचे काही तुकडे मुद्दाम पेटवतात. जळक्या लाकडावर जगणारे किडे तिथून नाहीसे व्हायला लागले होते.