पाऊस पडला असता तर

आजोबांच्या तर्खडकर भाषांतर पाठमालेचा दुसरा भाग अजून माझ्याकडे आहे. पाठीला खळीने चिकटवलेली कापडाची पट्टी, आणि समासात टाकाने लिहिलेली त्यांची स्वतःची वाक्यं. आजोबा व्हर्नाक्युलर फायनल झालेले, माणदेशातल्या शाळेत मास्तर. इंग्रजी त्यांना कुणी शिकवलं नाही. रात्री कंदिलापाशी बसून या पाठमालेवरूनच ते शिकले. एका पानाच्या कडेला त्यांनी लिहिलंय, ‘पाऊस पडला असता तर ज्वारी आली असती.’ खाली त्याचं इंग्रजी: इफ इट हॅड रेन्ड. त्यातला ‘हॅड’ आधी राहून गेलेला, मग हंसपद देऊन वर घातलेला.

मी 32 वर्षं इंग्रजी शिकवलं. जर-तरची वाक्यं शिकवायची कशी, ते मला त्या हंसपदाने दाखवलं. पाऊस पडला नाही, ज्वारी आली नाही, हे दुष्काळी मुलखातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ‘पडला’च्या पुढे ‘असता’ लागला की गोष्ट हातची गेली, एवढं त्याला उपजत कळतं. इंग्रजीत तेच काम ‘हॅड’ करतो.

ही दोन व्याकरणं आपल्याकडे शेजारी-शेजारीच वाढली. लिंडले मरे यांचं इंग्रजी व्याकरण 1795 साली इंग्लंडात निघालं आणि पुढे कित्येक दशकं शाळांमधून चाललं. त्यात ‘इफ’नंतरच्या क्रियापदाला वेगळं रूप होतं: ‘इफ ही लव्ह’, शेवटच्या ‘स’शिवाय. इकडे 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं. तेव्हा दादोबा जेमतेम बावीस वर्षांचे होते. मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया होती, पण त्या चौकटीत ठेवायला मराठीकडे आपला ऐवज होता. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ ही नावं आपण शाळेत पाठ केली, त्यातला संकेतार्थ म्हणजेच हे जर-तर. संस्कृत शिकलेल्याला तर पाणिनीचा लृङ् लकार ठाऊक होता. घडायची होती पण घडली नाही अशा क्रियेसाठी, क्रियातिपत्तीसाठी, तिथे क्रियापदाची वेगळी रूपंच राखून ठेवली आहेत. इंग्रजांनी ही कल्पना आपल्याला नव्याने आणून दिली, असा समज मला कधीच पटला नाही.

मुलं कुठे अडखळतात ते पाहा. ‘तू आलास तर मी येईन’ याचं भाषांतर वर्गातली निम्मी मुलं ‘इफ यू केम, आय विल कम’ असं करत. या चुकीला मी कधी लाल रेघ मारून सोडलं नाही, कारण ती विचार करून केलेली चूक आहे. ‘आलास’ हे रूप भूतकाळाचंच आहे. पण मराठीत ते उद्याच्या आशेसाठी वापरतात. इंग्रजीत ‘इफ’नंतर भूतकाळाचं रूप घातलं की आशा मावळते, तू येण्याचा संभव फारसा उरत नाही. रूप तेच, पण तोंडं दोन दिशांना. हे फळ्यावर मांडलं की मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडे. ‘येशील तर’ म्हणणारी मुलं ‘इफ यू विल कम’ लिहीत. त्याचंही मूळ तसंच, घरच्या भाषेत.

आणि ‘मी पक्षी असतो तर’! हा कल्पनात्मक निबंध न लिहिता मराठी शाळेतून सुटलेलं मूल विरळा. मुलगे ‘असतो’ लिहितात, मुली ‘असते’ लिहितात, आणि दोन्ही रूपं दिसायला वर्तमानाची. इंग्रजीत मात्र ‘इफ आय वेअर अ बर्ड’. एका मुलीने विचारलं, “बाई, मी एकटीच असताना ‘वेअर’ कसं?” मी तिला मरेसाहेबांची जुनी रूपं सांगितली. वेगळ्या रूपांचा तो सगळा वाडा पडला, हा एक खांब उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून झालं. पुढे वाक्यांचे साचे घोटून घेणारी पद्धत आली आणि भाषांतर जुनाट ठरलं. घरोघर रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण होतंच. (त्यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिणारे, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले.) 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. एका प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं गेलं की इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको. मी ते मानलं नाही. मुलाच्या डोक्यात आधीपासून असलेलं जर-तर बाहेर काढून ठेवायला सांगणं म्हणजे त्याच्या हातातली काठी काढून घेऊन त्याला चढण चढायला लावणं आहे. कानावर इंग्रजी पडलंच पाहिजे, बोललंही पाहिजे. त्याबद्दल माझा वाद नाही. पण या एका धड्याला मराठी हवी.

आज आठवी-नववीला शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. कंडिशनलचा तास आला की पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार सांगण्याआधी फळ्याच्या डाव्या बाजूला तीन वाक्यं लिहा: पाऊस पडला तर, पाऊस पडत असता तर, पाऊस पडला असता तर. यातल्या कोणत्या पावसाची अजून वाट पाहता येईल, ते मुलांना विचारा. उजवी बाजू त्यानंतर भरा.